छातीवर पडायचं

यशोधरा तायडे सूर मारायला घाबरते, असं एक्याण्णवच्या दिवाळीत कोणी म्हटलं असतं तर जळगावातल्या कुठल्याही खो-खोवाल्यानं त्याला वेड्यात काढलं असतं. खो-खोतला सूर ज्यानं पाहिला नाही त्याला सांगायला हवं. पळणारी हाताशी येत नाही असं दिसलं की पाठलाग करणारीनं धावत्या वेगात अंग झोकून द्यायचं, हात लांबवायचा, बोटाच्या पेरानं का होईना तिला शिवायचं आणि मग जमिनीवर आपटायचं. आपटायचं ते सरळ छातीवर. यशोधरा सहा वर्षं हे करत होती, आणि असं करत होती की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा, हिच्या नाही.

आता ब्याण्णवचा मार्च अर्ध्यावर आला होता आणि साडेतीन महिन्यांत तिनं एकही सूर मारला नव्हता. येत्या रविवारी धुळ्याला राज्य संघासाठी निवड होती. जळगाव आणि धुळ्याच्या मुली आपसांत खेळवून त्यांतून चार जणी घेणार होते. राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र हाती असलं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो. डाळ मिलमध्ये पोती वाहून पाठ धरलेल्या तिच्या वडिलांच्या, जीवराम तायड्यांच्या, घरात त्या अर्जाचं नाव रोज निघायचं. तेव्हा धुळ्याला जाणं भाग होतं. आणि धुळ्याला जायचं म्हणजे छातीवर पडायचं.

कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तिची डावी छाती भरलीच नव्हती. चौदाव्या वर्षी उजवी बाजू इतर मुलींसारखी भरू लागली आणि डावी होती तिथंच राहिली, पाटासारखी सपाट. आई, धुरपदाबाई, आधी म्हणाली होईल सावकाश. मग म्हणेनाशी झाली. तिनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सरकी काढलेला कापूस भरून एक लहानशी गादी शिवून दिली, आणि ती आत ठेवून यशोधरेनं शाळा काढली, कॉलेजची दोन वर्षं काढली. खेळताना गादी हलू नये म्हणून वरून कापडी पट्टा करकचून आवळायची. एकदा भुसावळला सामन्यात सूर मारला आणि गादी निसटून मातीत पडली. हातरुमाल पडल्यासारखा तिनं तो गोळा उचलला, कमरेला खोचला आणि पुढचा खो दिला. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण त्या दिवसापासून तिला आरशात बघावंसं वाटेना.

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात तिचा मगनमामा वॉर्डबॉय होता. त्यानंच सुट्टीत येऊन आईला हळूच सांगितलं की असल्या गोष्टीवर आता ऑपरेशन निघालंय, आत सिलिकॉनची मऊ पिशवी बसवतात, आयुष्यभर राहते. आई तोंडावर पदर धरून ऐकत राहिली. हो म्हणाली ती यशोधरा. उगाच लोक म्हणतील पोरीला नटायची हौस. तिला फक्त अंगावर कापूस न बांधता एक दिवस काढायचा होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पट्ट्यांवरून हात फिरवला आणि दोन्हीकडे सारखं लागलं, तेव्हा ती रडली. आनंदानंच रडली, खोटं कशाला बोला.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, खेळतेस म्हणे, काय खेळतेस? ती म्हणाली, खो-खो. डॉक्टर कुठले तरी दक्षिणेकडचे, मराठी मोडकीतोडकी. ते हसून म्हणाले, पळापळीचा खेळ ना, तीन महिने पळू नको, हात डोक्याच्या वर नेऊ नको, घट्ट काही बांधू नको, नंतर खुशाल पळ. आता इथंच तिनं विचारायला हवं होतं की साहेब, आमच्या खेळात छातीवर पडतात, त्याचं काय? पण समोर चार शिकाऊ डॉक्टर पोरं वह्या घेऊन उभी. त्या चौघांदेखत 'छाती' हा शब्द तिच्या तोंडून फुटेना. खेळायला अंगात वाघ असलेली पोर तिथं शेळी झाली, आणि मान हलवून बाहेर आली.

घरी आल्यावर तो प्रश्न रोज तिच्या उशाशी बसू लागला. शेवटी तिनं मामाला आंतरदेशीय पत्र लिहिलं, की डॉक्टरांना एवढं विचारून कळवा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: सर्व क्षेम आहे, काळजी करू नये, तब्येतीला जपावे. म्हणजे मामानं विचारलंच नव्हतं. वॉर्डबॉयनं मोठ्या सर्जनला गाठून भाचीच्या छातीबद्दल विचारायचं, हे त्याच्यानं झालं नसणार. तिला मामाचा राग आला, आणि मग आठवलं की आपल्यानंही झालं नव्हतं.

त्यात आईनं एक घोळ करून ठेवला. धुरपदाबाईला आजारपणातून उठलेल्या बाईला सांभाळायची एकच रीत ठाऊक होती, बाळंतिणीची. जखम ती जखम, बाई ती बाई. तिनं लेकीच्या कानाला फडकं बांधलं, खाटेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली. सकाळी अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू. यशोधरा म्हणत राहिली की अगं आई, हे कशाला, पण आई कोणाचं ऐकणारी नव्हती. आणि धुरी काही घरात राहात नाही. ओवा-शेपाचा वास गल्लीभर गेला, आणि तो वास कसला हे जिला कळत नाही अशी बाई खानदेशात जन्मायची आहे.

शेजारच्या भागाबाईनं पहिल्याच दिवशी नाक वर केलं. लग्न न झालेली पोर, महिनाभर मुंबईला जाऊन आलेली, खाटेखाली शेगडी, पट्टा बांधणं बंद झाल्यामुळे आता छाती नीट दिसते, आणि विचारावं तर म्हणतात अपेंडिक्सचं ऑपरेशन. दोन रविवारी बुद्धविहारात वंदनेनंतर बायका थांबून कुजबुजल्या, तिसऱ्या रविवारी गोष्ट कॉलेजात पोचली. कोणी म्हणालं पाडलं, कोणी म्हणालं मुंबईच्या आश्रमात ठेवलं. ऑक्टोबरात हीच पोर साऱ्या गावासमोर सूर मारत होती, हे एकीनंही बोटांवर मोजलं नाही. अफवेला पाढे येत नसतात.

यशोधरेच्या कानावर हे आलं तेव्हा तिला पहिल्यांदा हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. खरं सांगावं तर लाज, न सांगावं तर बदनामी. आईनं कपाळाला हात लावला, पण लाडू काही बंद केले नाहीत.

जानेवारीच्या शेवटी आणखी एक गोष्ट घडली. वाचनालयात पेपर चाळताना आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसली, की अमेरिकेत सिलिकॉनच्या पिशव्या बसवणं सरकारनं तूर्त थांबवायला सांगितलंय. पिशवी आत फुटून पाझरते अशा तक्रारी आहेत. तिनं ती उभ्या उभ्या तीनदा वाचली. फुटून. पाझरते. कुठं पाझरते, पाझरून माणसाचं काय होतं, ते चार ओळींत नव्हतं. तिनं पेपर घडी करून जागेवर ठेवला आणि घरी येऊन मोरीचं दार लावलं. डाव्या बाजूवर चार बोटं ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. आतलं मऊ, गार नाही, ऊन नाही, आपलंही नाही आणि परकंही नाही. ते फुटलं तर कळेल का? दुखेल, की नुसतं ओलं होत जाईल? त्या दिवसापासून कुशीवर झोपणंही तिनं सोडलं.

तीन महिने भरले तशी ती मैदानावर गेली. पळायला काही अडचण आली नाही. पाय विसरले नव्हते, दम आठवडाभरात परतला. चकवा देणं, खो देणं, दिशा पकडणं, सगळं जिथल्या तिथं. पण पळती मुलगी हातभर पुढं असली, सूर मारायचा क्षण आला, की अंग आपोआप आखडायचं आणि डावा हात छातीशी यायचा. पळती निसटायची. प्रशिक्षक भिकन सर भला माणूस, पण घाबरट; संघटनेतल्या मोठ्या लोकांसमोर मान वर करायला भ्यायचे. ते आधी गोडीनं बोलले, मग चिडून. शेवटी गुरुवारी त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की निवड करणारे सूरच बघतात, आणि रविवारी तिनं तो मारला नाही तर तिच्या जागी संघातल्या उज्ज्वलेचं नाव पुढं करावं लागेल. अपेंडिक्सचा टाका चार महिने दुखतो का गं, असंही विचारलं, आणि विचारून झाल्यावर स्वतःच दुसरीकडे बघू लागले. म्हणजे सरांच्याही कानावर गेलं होतं.

रविवारी पहाटेच्या एसटीनं बारा मुली, भिकन सर आणि कमलअक्का धुळ्याला निघाल्या. मुलींच्या संघाबरोबर एक बाईमाणूस लागतं, म्हणून एका शाळेतल्या शिपाईबाई कमलअक्का कागदावर व्यवस्थापिका होऊन यायच्या. काम तेच, पाण्याची कळशी, लिंबं, सुटलेल्या वेण्या. मूळच्या पारोळ्याकडच्या, बोलणं सगळं खानदेशी, साहेब लोकांपुढं तेवढी शाळेत ऐकलेली मराठी काढायच्या. यशोधरेला वाटायचं की अक्का हल्ली आपल्याकडे टक लावून बघतात. तिची पिशवी स्वतः उचलतात, सरावानंतर सगळ्यांना अर्धं लिंबू आणि तिला अख्खं. ती मनात म्हणायची, ह्यांनाही कळलंय, ह्याही कुठं तरी बोलणार. आज त्या शेजारी येऊन बसल्या तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून बसली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी तिनं तोंड वळवलं नाही.

धुळ्याच्या मैदानाला लागून एक पत्र्याची खोली मुलींना कपडे बदलायला दिली होती. यशोधरा मुद्दाम मागं राहिली, सगळ्या जणी गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बदलू लागली. मागं दार लागल्याचा आवाज झाला. अक्का आत आल्या होत्या, हातात एक जाड पंचा.

"पोरी, माले बठ्ठं, समदं ठाऊक शे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी कोनले सांगाव नही. पन छातीवर पडू नको. अंगावरनं दूध शे, गाठ धरी."

मुंबईहून आल्यापासून ज्या वाक्याला ती भीत होती ते कोणी तरी अखेर समोर येऊन बोललं होतं. आणि गंमत अशी की ते ऐकल्यावर तिला वाटलं, आता एका माणसाला तरी खरं सांगून टाकावं. तिनं सांगितलं. डावी बाजू जन्मापासून नव्हती, मुंबईला डॉक्टरांनी आत पिशवी घातली, मूल नाही न् बाळ नाही, भीती आहे ती पिशवी फुटेल याची. बोलताना तिचे दात वाजत होते. मार्चच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली तिला थंडी वाजत होती.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अशी पिशवी कोठे राहस का, माय? बरं, पिशवी ते पिशवी." आणि पंचा तिच्या खांद्यावर टाकून निघून गेल्या.

यशोधरा तशीच उभी राहिली. खरं बाहेर पडू नये म्हणून साडेतीन महिने जीव मुठीत धरला, आणि खरं बाहेर पडलं तर त्यावर कोणाचा विश्वासच नाही. बाहेर शिट्टी झाली म्हणून ती धावत गेली.

पहिल्या डावात ती वाईट खेळली असं नाही. दोन गडी तिनं पळून बाद केले. पण तीन वेळा सूर मारण्याची वेळ आली आणि तीनही वेळा ती थांबली. तिसऱ्या वेळी प्रेक्षकांतून एक कुत्सित हसू आलं. मंडपात टेबलाशी निवड करणारे तिघे बसले होते, त्यांतल्या चष्मेवाल्यानं वहीत काही तरी लिहिलं. डाव संपला तशी ती मंडपाच्या मागं ठेवलेल्या माठाशी पाणी प्यायला गेली. कनातीच्या पलीकडचं बोलणं तिथं स्पष्ट ऐकू येत होतं.

चष्मेवाला भिकन सरांना विचारत होता, ही तायडे तीच का, जिच्याबद्दल बोललं जातंय? त्याला म्हणे जळगावहूनच कोणी सांगितलं होतं. पोर चांगली असेल, पण संघ महिनाभर बाहेरगावी राहणार, असली भानगड बरोबर नको. भिकन सर घसा खाकरत राहिले. यशोधरेच्या हातातला पेला माठावर आपटला आणि तिला वाटलं, संपलं. नोकरी गेली, खेळ गेला, उद्या बाबांना मिलमध्येही कोणी तरी तोंडावर विचारेल.

तेवढ्यात अक्कांचा आवाज आला. शाळेतली मराठी, एकेक शब्द ठेवून बोललेली.

"साहेब, अपेंडिक्सच होतं. मुंबईला दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. टाके मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. माझ्या दोन्ही लेकरांची आण."

कमलअक्का जन्मात मुंबईला गेल्या नव्हत्या. मनमाडच्या पुढची आगगाडी त्यांनी पाहिली नव्हती. चष्मेवाला म्हणाला, असं असेल तर ती सूर का मारत नाही? अक्का म्हणाल्या, "मारेल ना. आता या डावात मारेल."

यशोधरा माठाशी खाली बसली. आजवर तिची सगळी भीती एकच होती, की लोकांना आपल्याबद्दल सगळ्यात वाईट वाटलं तर काय होईल. आणि ह्या बाईला ते सगळ्यात वाईट कधीपासून खरंच वाटत होतं. तशी समजून ती हिची पिशवी उचलत होती, हिला अख्खं लिंबू देत होती. तशी समजूनच ती आत्ता पोटच्या लेकरांची खोटी आण घेऊन आली होती. यशोधरेला आपल्या बसमधल्या तोंड फिरवण्याची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

अक्का कनातीला वळसा घालून आल्या तेव्हा त्यांचाच चेहरा उतरला होता. "मी बोली बसनू," त्या तिच्याजवळ वाकून म्हणाल्या. "तू नको मारू. यादीमा नाव नही उनं ते नही उनं. जीव मोठा शे." एवढं बोलून त्यांनी तिच्या पाठीवरची माती झटकली, जी तिथं नव्हतीच.

दुसरा डाव सुरू झाला. पहिली मिनिटं अशीच गेली. धुळ्याची एक लांब वेणीची मुलगी कोणाच्या हाती लागत नव्हती. खांबापासून खांबापर्यंत ती अशी वळणं घ्यायची की पाठलाग करणाऱ्या दमून जायच्या. शेवटची दीड मिनिटं राहिली तेव्हा यशोधरेला पाठीत खो मिळाला. ती उठली. वेणीवाली समोर चार हातांवर, कडेच्या खांबाकडे निघालेली. खांब ओलांडून ती पलीकडे वळली की सुटली. आडवं झेपावल्याशिवाय ती हाताला लागणार नव्हती हे यशोधरेला पहिल्या पावलातच कळलं.

धावता धावता तिला पेपरातल्या त्या चार ओळी दिसल्या. फुटून. पाझरते. डावा हात नेहमीसारखा छातीकडे निघाला. तिला ओरडून थांबावंसं वाटलं. पाय थांबले नाहीत. खांबाशी वेणी वळली तशी तिनं एका हातानं खांब धरला, दुसरा लांबवला आणि अंग सोडून दिलं. बोटांना सदऱ्याचं कापड लागलं. मग जमीन आली. पाणी मारून दाबलेली, घट्ट जमीन, सगळीच्या सगळी छातीवर.

शिट्टी झाली, मुली ओरडल्या, गडी बाद. यशोधरा उठली नाही. दुखत कुठंच नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. ती पालथी पडून वाट बघत होती, आता ओलं लागेल, आता लागेल. कपाळ मातीला टेकलेलं, डोळे गच्च मिटलेले. अंगाखाली हात घालून बघायचं धाडस होईना. उठलं नाही तोवर फुटलेलं नाही, अशी काही तरी वेडी समजूत तिनं करून घेतली होती. पंच जवळ आले, लागलं का विचारू लागले. भिकन सर लांबूनच हातवारे करत होते.

अक्का धावत आल्या. त्यांनी पंचांना मागं हटवलं, तिला कुशीवर वळवून छातीवर तो जाड पंचा टाकला आणि आपल्या अंगाचा आडोसा केला.

"दूध उनं का? भिजनं का?"

यशोधरेनं पंच्याखाली हात नेला. सदरा कोरडा होता. आतला गोल जसा होता तसा होता, तेवढाच, तिथंच. तिनं दोनदा दाबून पाहिलं. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, तिनं अक्कांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात पंच्याखाली ओढून तिथं ठेवला. दोन लेकरांना पाजलेली, आळीतल्या कितीक बाळंतिणींना न्हाऊमाखू घातलेली बाई. तिच्या हाताला काही सांगावं लागत नाही. हात क्षणभर तिथं चाचपत राहिला आणि मग एकदम थांबला. अक्का तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"फुटलं नाही, अक्का," यशोधरा म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

पंचांनी पुन्हा विचारलं, खेळणार का? ती उठली. डोळ्यांतलं पाणी मातीत मिसळून गालावर ओघळ उठले होते, पण उरलेलं मिनिट ती खेळली. सूर मारायची वेळ आणखी एकदा आली आणि तिनं तोही मारला. तो पहिल्यासारखाच भीत भीत मारला, आणि उठल्यावर सगळ्यांदेखत सदऱ्यावरून हात फिरवून पाहिला. कोणाला काय वाटायचं ते वाटो.

ऊन कलल्यावर चष्मेवाल्यानं नावं वाचली. चारांतलं तिसरं नाव यशोधरा जीवराम तायडे. उज्ज्वलेनं तिला मिठी मारली, भिकन सर कपाळाचा घाम पुसत सगळ्यांना सांगत फिरले की मला आधीपासून खात्री होती. अक्का मात्र मैदानाच्या कडेला रिकामी कळशी घेऊन बसल्या होत्या. यशोधरा जाऊन त्यांच्याशेजारी मातीत बसली.

बराच वेळ अक्का आपल्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हनजे खरंच पिशवी शे."

"खरंच आहे."

"फुटती ते काय व्हतं?"

"माहीत नाही. कोणालाच विचारलं नाही मी."

अक्कांचा हात तोंडाशी गेला. त्यांच्या डोळ्यांत आता जी भीती आली ती यशोधरेनं इतके दिवस आरशात पाहिली होती. "आनि तरी तू छातीवर पडनी?" त्यांनी विचारलं. "मी तुले नको म्हनेल होतं ना?"

"तुम्ही लेकरांची आण घेतली होती, अक्का," यशोधरा म्हणाली. "टाके पाहिल्याचं खोटं होतं. मुंबईचं खोटं होतं. मी सूर मारेन म्हणालात, तेवढं तरी खरं व्हायला नको?"

एसटी लागल्याची हाक आली तेव्हा अक्का उठल्या, कळशी कमरेवर घेतली, आणि दुसऱ्या हातानं यशोधरेची पिशवी उचलली. यशोधरेनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, तर त्यांनी परत घेतली.